असल घरी, नक्कल दफ्तरी

गणपतीत कामथडीला मामांकडे गेलो होतो. पुणे–सातारा रस्त्याच्या बाजूचे हे भोर तालुक्यातले गाव. रस्ता रुंद झाला आणि त्याच्या कडेच्या जमिनीला भाव आला, तेव्हापासून अनेक घरांतल्या कपाटांत वाटणीपत्रांचे कच्चे खर्डे पडून आहेत. मामांनी आपल्या खर्ड्याचे चार फोटो मोबाइलवर काढून ठेवले होते. कागद पक्का झालेला नव्हता. भावाशी बोलणे व्हायचे होते. पण पुतण्याने नवा फोन घेतला, तेव्हा त्याचे खाते नव्हते म्हणून मामांनी हौसेने आपलेच खाते त्यात घातले होते. मामांच्या फोनमधल्या फोटोंची नक्कल रोज कुठेतरी जात होती आणि तिथून पुतण्याच्या फोनवर उतरत होती. एके सकाळी चारही फोटो त्याच्या हातात आले. दोन्ही भावांचे बोलणे तेव्हापासून बंद आहे आणि यंदा आरतीही वेगवेगळ्या वेळी झाली.

"ते बॅकअप का काय ते, बंद कर," मामा म्हणाले. मी त्यांच्या फोनमध्ये ते बटण शोधले. दाबल्यावर पाटी आली : बंद केल्यास आतापर्यंत साठवलेल्या प्रतीही पुसल्या जातील. मामांनी चष्मा वर सरकवून विचारले, "म्हणजे त्यांच्याकडची नक्कल ते फाडणार? खरं ना?"

इतिहासाच्या कागदांत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. भोरच्या मातीत तर मुळीच नाही, कारण भोर हे सचिवांचे संस्थान. अष्टप्रधानांमध्ये सचिवाचे काम कागदाचेच : राजपत्रे तपासायची, चूक असेल तर दुरुस्त करायची, मजकूर शुद्ध आहे अशी खूण करायची. सुरनीस हे त्याचे जुने, फारसी वळणाचे नाव. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हे पद अण्णाजी दत्तोंकडे होते. पुढे राजारामांच्या काळात ते शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांच्या वंशजांनी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोरवर राज्य केले. कागद तपासणाऱ्या प्रधानाच्या पदातून एक अख्खे संस्थान उभे राहिले, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटत आली आहे.

त्या काळी नक्कल कशी होत असे, ते पाहण्यासारखे आहे. इनामाचे किंवा वतनाचे पत्र राजाकडून निघे, ते बहुधा त्या प्रांतातल्या देशाधिकाऱ्याच्या, देशमुख-देशपांड्यांच्या किंवा गावच्या मोकदमाच्या नावे. पत्राच्या शेवटी एक ठरलेले कलम असे : दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, या पत्राची प्रत उतरवून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी मूळ धन्याकडे परत करावे. शेकडो पत्रांत हे कलम आहे आणि वाचताना आपण ते ओलांडून पुढे जातो, कारण सगळे कुतूहल वरच्या मजकुरात असते. पण नीट पाहिले तर सगळी व्यवस्था त्या दोन ओळींत आहे. असल कोणाचे, तर ज्याचा हक्क त्याचे. नक्कल कोणाकडे, तर दफ्तराकडे. आणि नक्कल व्हायची ती वतनदार स्वतः पत्र घेऊन कचेरीत जाई तेव्हा, त्याच्या डोळ्यांदेखत. मजकूर जिथे संपला तिथे 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा उठे, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू नये. पत्र किती आहे, कुठे संपते, त्याची प्रत कोणाकडे गेली, हे सगळे त्या माणसाला ठाऊक असे.

घरी राहिलेल्या असल कागदांचे महत्त्व किती, याचा सर्वांत मोठा दाखला याच तालुक्यात आहे. रोहिडखोऱ्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. शिवाजी महाराजांच्या जन्माची शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी त्या शकावलीमुळे पुढे आली. राजधानीचे दफ्तर युद्धांत, जाळपोळीत, स्थलांतरांत गेले. डोंगरातल्या एका देशमुखाच्या घरात कागद राहिला. राजवाडे गावोगाव हिंडले ते याच भरवशावर. १८९८ साली त्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड निघाला आणि पुढे एकूण बावीस झाले. ते सगळे मुख्यतः घराघरांतल्या रुमालांतून निघाले, सरकारी तळघरांतून नव्हे.

दफ्तराकडच्या नकलेचे पुढे काय झाले, ही गोष्ट मात्र कमी गोड आहे. पेशव्यांचे दफ्तर म्हणजे रोजकीर्द आणि घडणी. रोजच्या रोज घडेल ते रोजकीर्दीत टिपायचे आणि मग तेच खातेवार लावून घडणीत उतरवायचे. एकच व्यवहार दोन ठिकाणी. १८१८ नंतर हे सगळे इंग्रजांच्या हाती गेले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दफ्तराचा उपयोग उलटा सुरू झाला. वतनदाराने घरातली सनद आणून दाखवायची. साहेबाने ती दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहायची. नोंद सापडली नाही, तर शंका सनदेवर. नोंद वाळवीने खाल्ली असेल, रुमाल गहाळ झाला असेल, असे दुसऱ्या बाजूने म्हणायची सोय फारशी नव्हती. हजारो इनामे अशी खालसा झाली. कमिशनने वंशपरंपरागत अधिकाऱ्यांकडचे कागदही गोळा केले. पुण्याच्या दफ्तरखान्यात त्यांचे रुमाल 'जमाव' या नावाने आजही वेगळे आहेत. असल नकलेच्या शेजारी जाऊन बसले आणि घर रिकामे झाले. पुढे कित्येक वर्षे त्या दफ्तरात संशोधकांना मोकळेपणाने जाता येत नव्हते. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले ते १९३० ते १९३४ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर शंभरावर वर्षांनी. आपल्या आजोबांविषयीचा कागद सरकारकडे आहे हे ठाऊक असलेली, पण तो बघू न शकलेली पिढी त्या मधल्या काळात होऊन गेली.

मामांचा "फाडणार ना?" हा प्रश्न मला याहूनही दुसऱ्या एका प्रसंगाकडे घेऊन गेला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजार होता. तेव्हा भीमथडी तालुक्यातले आणि आज बारामती तालुक्यातले हे गाव. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. 'दख्खनचे दंगे' म्हणून ते पुस्तकात येतात, पण चौकशी आयोगाला त्यात दंग्यापेक्षा वेगळे काही दिसले. जमावाला हवे होते ते कागद : रोखे, खतपत्रे, हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले.

शेतकऱ्यांचा राग कागदावर का होता? कारण कागद एकाच बाजूला होता. कुणब्याने अंगठा उठवायचा, काय लिहिले ते सावकाराने सांगायचे, आणि रोखा सावकाराच्या पेटीत जायचा. मुद्दल किती फिटले, व्याज किती चढले, याची दुसरी प्रत कुठेच नाही. दिवाणी कोर्टात पेटीतला तो एकच कागद बोलत असे. म्हणून तो जाळणे हा कुळाच्या दृष्टीने हिशेब मिटवण्याचा एकुलता एक मार्ग उरला होता.

त्यानंतर आलेला १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा मला म्हणून फार शहाणा वाटतो. त्यात खूप काही होते, पण आपल्यापुरते महत्त्वाचे एवढेच की शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, त्याची नोंद राहावी, दुसऱ्या पक्षालाही प्रत मिळावी, आणि कुळाने मागितल्यास सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, पासबुकात मांडून द्यावा, असे त्याने ठरवले. आग लावणाऱ्यांनी जे मागितले होते त्याच्या नेमके उलटे : कागद नष्ट करू नका, त्याच्या प्रती वाढवा, पण त्या दोन्ही हातांत द्या. अंमल किती झाला हा वेगळा विषय. कल्पना तरी नेमकी होती.

आता मामांच्या फोनकडे येतो. अँड्रॉइड फोनवर नक्कल ठेवण्याची सेवा २०१० च्या सुमारास आली, पण ती ॲप बनवणाऱ्याने मुद्दाम जोडावी लागे. आयफोनवर २०११ साली आयक्लाउड आले. खरा बदल २०१५ मधला. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक ॲपची २५ एमबीपर्यंतची माहिती आपोआप वर जाऊ लागली. ॲप बनवणाऱ्याने स्पष्ट 'नको' लिहिले नसेल, तर ती जाणार. गप्प राहणे म्हणजे होकार, असा तो नियम. नक्कल कधी होते, तर चोवीस तास उलटलेले, वाय-फाय मिळालेले आणि फोन निवांत पडलेला असताना. म्हणजे बहुधा आपण झोपलेले असताना. जुना वतनदार पत्र घेऊन कचेरीत जाई. इथे कचेरीच रात्री उशाशी येऊन प्रत उतरवून नेते.

याचे दुसरे अंग म्हणजे आपोआप परत येणे, म्हणजे रिस्टोअर. नवा फोन घेतला किंवा काढून टाकलेले ॲप पुन्हा बसवले की जुनी माहिती, जुन्या मांडण्या परत येऊन बसतात. सोय मोठी आहे. फोन हरवलेल्या माणसाला विचारा! पण आपण ज्याला पुसले म्हणतो, ते पुष्कळदा फक्त दृष्टीआड गेलेले असते.

मोहोर लावून बंद केलेल्या थैलीचा प्रश्नही यात आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे निरोप दोन टोकांपलीकडे कोणाला वाचता येणार नाहीत असे केले. पण त्याच निरोपांची वर साठवलेली नक्कल तशी मोहोरबंद नव्हती. ती सोय आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही स्वतः निवडली तर. परवलीचा शब्द किंवा चौसष्ट अंकांची किल्ली आपल्यापाशी. किल्ली हरवली तर नक्कल गेली. कंपनीलाही ती उघडता येत नाही. मधल्या साडेपाच वर्षांत लोक मोहोर पाहून निर्धास्त होते आणि कारकून शेजारच्या खोलीत उघडी प्रत ठेवत होता.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आला. तेव्हा मामांचा प्रश्न आता कायद्याच्या भाषेतही विचारता येतो.

इथे मला दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे, कारण नक्कल म्हणजे निव्वळ पाळत असे मानणारा इतिहासकार स्वतःच्याच ताटात माती कालवतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. धरण वेल्ह्यात, बुडाले पुणे. नदीकाठच्या पेठांतून भांडीकुंडी वाहून गेली तशा कागदांच्या पेट्याही गेल्या. त्यातल्या ज्याची प्रत आधी कोणी उतरवून दुसरीकडे ठेवली होती, तेवढेच उरले. दुसऱ्या घरात ठेवलेली प्रत ही कागदाच्या आयुष्याची शाश्वती आहे, हे पुणेकरांनी पाण्यात उभे राहून शिकले आहे. म्हणून बॅकअप बंद करा असा सरसकट सल्ला मी कोणाला देणार नाही. मामांनाही दिला नाही.

आम्ही ओसरीवर बसून जे केले, त्याला तासभर लागला. आधी पुतण्याला हाक मारली. तो आला, मान खाली घालून. त्याच्या फोनमधून मामांचे खाते काढले आणि त्याचे स्वतःचे उघडून दिले. मग समजले की एका बटणाने सगळे भागत नाही. फोनची माहिती वेगळी, फोटो वेगळे, व्हॉट्सॲप वेगळे. तिघांची तीन बटणे. पहिले बंद केले की साठा पुसला जातो, पण फोटोंचे बंद केले तर आधी गेलेले वरच राहतात. तिथून पुसावे, तर फोनमधलेही जातात आणि साठ दिवस कचरापेटीत पडून असतात. म्हणून मामांच्या मुलीच्या लॅपटॉपवरून सगळे फोटो आधी एका पेनड्राइव्हवर घेतले, उघडून तपासले आणि मगच वरचे पुसले. त्यात मामींचे शेवटच्या दिवाळीतले फोटो होते. ते पाहताना मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यातले दोन पुतण्याने मागितले आणि मामांनी ते स्वतःच्या बोटाने त्याला पाठवले.

मग ती पाटी पुन्हा आली, प्रती पुसल्या जातील म्हणणारी. मामांनी ती या वेळी मोठ्याने वाचली आणि 'ठीक आहे' दाबले.

पेनड्राइव्ह कुठे ठेवायचा, यावर चर्चा झाली. शेवटी मामांनी आतल्या खोलीतून लाल खारव्याचा जुना रुमाल आणला. त्यात आजोबांच्या वेळचे फाळणीचे उतारे, दोन मोडी कागद आणि एक फाटकी पावती आहे. वाटणीपत्राच्या खर्ड्याची घडी त्यांनी त्यातच ठेवली, वर पेनड्राइव्ह ठेवला आणि चारी टोके बांधली. दुसऱ्या एका पेनड्राइव्हवर तेच सगळे घेऊन मी पुण्याला आणले. निघताना धाकटे मामा पलीकडच्या अंगणात उभे होते. "सगळं नीट घेतलंस का?" असे त्यांनी मला विचारले, मोठ्या भावाकडे न बघता.