खर्रा, पेशी आणि ललाटलेख

तोंडाच्या कर्करोगाने माणूस गेला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'नशिबात होते' असे म्हणतात. शिकलेली मंडळी हल्ली 'जनुकांतच होते' असे म्हणतात. हे दुसरे वाक्य शास्त्राचा वेष घालून येते, म्हणून आम्हांस ते अधिक घातक वाटते. जनुकांत बिघाड असतो हे खरेच. पण तो जन्मतः आलेला असतो असे बहुधा नसते. हे कसे उमगले, याचा बराचसा इतिहास महाराष्ट्रातच घडला आहे.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा या रोगाशी असलेला संबंध आकड्यांनी मांडला. सवय दिसत होती, रोगही दिसत होता. मधली कडी तेवढी अंधारात होती.

ती कडी पुढे पेशीच्या आत सापडली. पी५३ नावाचे प्रथिन १९७९ साली हाती लागले. गंमत अशी की, दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला चोर समजत होते. १९८९ च्या सुमारास कळले की तो तर पहारेकरी! पेशीतील डीएनए दुखावले की तो विभाजन थांबवतो, दुरुस्तीला अवधी देतो आणि दुरुस्ती साधलीच नाही तर त्या पेशीला मरण पत्करायला लावतो. हा पहारेकरी निकामी झाला की दुखावलेली पेशीही बेलगाम वाढू लागते.

२०१३ साली बंगालमधील कल्याणीची जीनोम संस्था आणि टाटा केंद्राची खारघरची संशोधन संस्था यांनी मिळून हिरडी व गालाच्या कर्करोगाच्या ५० भारतीय रुग्णांची जनुके वाचली. प्रत्येकाच्या गाठीतील डीएनए त्याच्याच रक्तातील डीएनएशी ताडून पाहिले. पी५३ चे जनुक, कॅस्प-८, नॉच-१ अशी ओळखीची नावे निघाली, काही नवीही निघाली. आम्हांस महत्त्वाची वाटते ती ताडून पाहण्याची रीत. जो बदल गाठीत आहे आणि रक्तात नाही, तो आईबापांनी दिलेला नव्हे. तो याच जन्मी, त्याच गालात घडलेला.

आणि आपल्याकडे गालात असतो खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला. तंबाखूतील नायट्रोसामाइन डीएनएला चिकटतात. चुन्याच्या संगतीने सुपारीतून पेशीला इजा करणारी द्रव्ये सुटतात. तंबाखू नसली म्हणजे झाले, हा समजही खोटा. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा ल्योनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली दिला. सुपारीने गाल आतून ताठरतो, तोंड उघडेनासे होते. त्या विकाराचे वर्णन डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच केले होते.

राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण गुटख्याच्या पुडीला कारखाना लागतो, खर्ऱ्याला टपरी आणि पन्नी पुरते. म्हणूनच २०१६ साली गडचिरोलीत 'मुक्तिपथ' सुरू झाले, तेव्हा त्याला नुसत्या कायद्यावर विसंबून चालणार नव्हते. गावोगावी जावे लागले.