माळवदाचं वजन कोणाच्या वहीत होतं?

आजचा विषय वरवर कोरडा आहे. वस्तू घडवणाऱ्यांनी आपल्या साहित्याची माहिती कशी सांभाळावी? कारखान्यात आराखडा करणारा, तपासणारा आणि माल विकत घेणारा, तिघांसमोर एकाच पोलादाचे एकच आकडे हवेत आणि ते आले कुठून हेही लिहिलेलं हवं. एवढंच ते सूत्र. पण आपण नांदेड-लातूरची माणसं. हे सूत्र आपल्याला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे फार महाग पडलं.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. भूकंपाची तीव्रता होती 6.2 च्या आसपास. जगाच्या हिशोबात हा काही महाभूकंप नव्हे. मग एवढी माणसं का गेली? उत्तर घरांच्या साहित्यात आहे.

आमच्या पिढीतल्या अनेकांचं बालपण माळवदाखाली गेलं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-तीन फूट रुंद. वर तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पाऊस गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, आपणही टाकली. थर दोन फुटांवर गेला. आता हिशोब करा. घनमीटरभर माती साधारण सोळाशे ते अठराशे किलो भरते. म्हणजे दोन फूट थराचं वजन एका चौरस मीटरला एक टन! दहा बाय पंधराच्या खोलीवर चौदा टन.

घर बांधताना मिस्त्रीनं तुळई निवडली ती पहिल्या थराचा अंदाज घेऊन. पुढे साहित्य बदलत गेलं, नोंद कुणीच बदलली नाही.

आणि ज्ञान नव्हतं असंही नाही. बांधकाम साहित्याच्या वजनांचं भारतीय मानक, आयएस 875 चा पहिला भाग, 1987 पासून छापील होतं. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर सुटू नयेत म्हणून आरपार जाणारा लांब दगड घालावा, हे जाणकारांना ठाऊक होतं. 1993 च्याच आयएस 13828 मध्ये त्याचं माप आहे: उंचीत दर 60 सेंटिमीटरला, आडवं 1.2 मीटरच्या आत. पण गवंड्याच्या हाती यातलं काय होतं? मानक इंग्रजीत, दिल्लीत. ओळंबा गवंड्याच्या हातात, गावात. मधला माणूसच नाही.

नकाशाचंही तेच. कोयनेचा भूकंप 1967 चा. त्यानंतर 1970 साली देशाचे भूकंपक्षेत्र सुधारले, पण किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रातच राहिली. 1992 मध्ये तिथे धक्के जाणवले, तरी नकाशा तोच. 2002 च्या आवृत्तीत पहिलं क्षेत्र रद्द झालं आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. आकडा जुना झाला तरी आकड्याचा रुबाब कमी होत नाही, हा त्यातला धोका.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, 52 गावं नव्या जागी वसली. आमच्या मते त्याहून मोलाचं काम उभ्या घरांच्या मजबुतीचं होतं. भिंतीला भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून दोन पदर शिवायचे. छतावरची जादा माती उतरवायची. ही माहिती गवंड्याच्या हातात पोचली तेव्हा कुठे ती माहिती झाली. तोवर ती नुसती छपाई होती.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण तो शब्द आप्ताचा हवा. आप्त म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो. साहित्याचा प्रत्येक आकडा हा असाच शब्द आहे. कुणी मोजला? कधी? कोणत्या स्थितीत? बदलला तेव्हा कुणाला कळवलं? आज आपली मुलं पुण्याच्या कारखान्यांत संगणकावर हीच कोष्टकं सांभाळतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: बाबांनो, रकाना भरताना शेवटी तो कोण वाचणार हे आठवा. त्या आकड्याखाली कुणीतरी झोपलेलं असतं.