वाचाघात: रुग्णाशी कसे बोलाल?

पक्षाघातामुळे मेंदूतील भाषेच्या केंद्रांना इजा झाली, की बोलणे, समजणे, वाचणे किंवा लिहिणे बिघडते. याला वाचाघात म्हणजेच अफेजिया म्हणतात. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉ. पॉल ब्रोका यांनी जवळजवळ फक्त ‘टॅन’ एवढेच उच्चारणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दाखवली. त्याला इतरांचे बोलणे बरेचसे समजत असे. म्हणून शब्द सुचत नाहीत म्हणजे बुद्धी गेली, असे मानू नका. टीव्ही बंद करा, समोर बसा, छोटी वाक्ये बोला, ‘हो-नाही’ उत्तराचे प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी वेळ द्या. वाचा-उपचार लवकर सुरू करा.

बोलणे अचानक बिघडल्यास लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देतात.