एकसष्टावे मत : बेने इस्रायलांचा लढा आणि इस्रायलमधील आघाडीचे राजकारण

१९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या आवारात काही कुटुंबे मुक्काम ठोकून बसली होती. ही माणसे कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलमध्ये गेलेली, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायल होती. आपल्या मुलामुलींची लग्ने इतर ज्यूंप्रमाणेच, वंशाची चौकशी न होता लावली जावीत, एवढीच त्यांची मागणी होती. १७ ऑगस्ट १९६४ रोजी या प्रश्नासाठी क्नेसेटचे, म्हणजे इस्रायलच्या संसदेचे, सुटीच्या काळात खास अधिवेशन बोलवावे लागले. काही हजार लोकांच्या एका लहानशा समाजाचा सोयरिकीचा प्रश्न पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारपुढे येऊन उभा राहिला.

पॅलेस्टिनी प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात युद्धे असतात, धर्म असतो, तेल आणि अमेरिका असते. क्नेसेटमधील १२० जागांचे गणित मात्र त्यात फारसे येत नाही. शांततेचे अनेक प्रयत्न या गणितापाशी अडले आहेत, आणि मराठी बोलणाऱ्या एका समाजाने त्या गणिताचा अनुभव फार आधी घेतला होता. प्रस्तुत लेखात तो अनुभव आणि पुढचा इतिहास एकत्र वाचण्याचा प्रयत्न आहे.

नवगाव ते बीरशेबा

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. कोकणात त्यांनी तेलघाणी चालवली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावे पडली. धर्मग्रंथ आणि राब्बी यांच्याशी संबंध तुटलेला असतानाही सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी टिकवले. प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा करण्याची प्रथाही त्यांच्यात रुजली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाचा इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला.

१९४८ नंतर या समाजातील कुटुंबे इस्रायलकडे निघाली. भारतात त्यांचा धर्मावरून छळ झाल्याची नोंद नाही, त्यामुळे हे जाणे पळून जाणे नव्हते. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा नव्या वस्त्यांत त्यांना घरे मिळाली. तिथे काम आणि घर देताना आपल्याला डावलले जाते, अशी तक्रार लवकरच सुरू झाली. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आम्हाला परत पाठवा अशी मागणी केली आणि शंभरावर लोक खरोखरच मुंबईला परतले. त्यांच्यापैकी कित्येक जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. मायदेश नक्की कोणता, या पेचाची ही सुरुवात होती.

आजीच्या आईचा दाखला

इस्रायलमध्ये ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने धार्मिक न्यायालयांकडे सोपवलेले आहेत. नोंदणी पद्धतीने देशात लग्न करण्याची सोयच नाही. त्यामुळे राब्बीने नकार दिला, तर तो नकार शासनाच्या नकारासारखाच ठरतो.

काही राब्बी बेने इस्रायलांची इतर ज्यूंशी लग्ने लावायला तयार नव्हते. ज्यू धर्मशास्त्रानुसार पहिला विवाह विधिपूर्वक मोडला नसेल, तर त्या स्त्रीच्या पुढच्या विवाहातील संततीवर कलंक येतो आणि तो पिढ्यानपिढ्या चालतो. शेकडो वर्षे राब्बीवाचून राहिलेल्या समाजात घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील कशावरून, अशी त्यांची शंका होती. समाजाचे उत्तर साधे होते. आमच्यात घटस्फोटच दुर्मीळ होते. ज्या समाजात काडीमोड जवळजवळ होतच नाही, तिथे तो चुकीचा झाल्याचा संशय घ्यायचा कसा?

ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य राब्बींच्या परिषदेने बेने इस्रायलांशी विवाह करण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. पण १९६२ च्या आरंभी निघालेल्या सूचनांनी त्यातला अर्थ काढून घेतला. लग्नाला उभ्या राहणाऱ्या बेने इस्रायल वधूवरांची आई, आजी, आजीची आई अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी, असे स्थानिक राब्बींना सांगण्यात आले. पेण-रोह्याकडच्या खेड्यातल्या पणजीच्या लग्नाचा कागद दिमोनातल्या नातीने आणायचा कुठून?

सरकारने राब्बींना सरळ आदेश का दिला नाही, याचे एक उत्तर कायद्यात आणि दुसरे आकड्यांत आहे. १९६१ च्या निवडणुकीत एश्कोल यांच्या मापाई पक्षाला ४२ जागा होत्या. बहुमताला ६१ लागतात. आघाडीत राष्ट्रीय धार्मिक पक्ष, म्हणजे मफदाल, १२ जागांसह होता. तो बाहेर पडला तर बहुमत उरत नव्हते. ज्यू म्हणून नोंदणी कोणाची करायची, या वादावरून हाच पक्ष १९५८ मध्ये बेन गुरियन यांच्या सरकारातून बाहेर पडला होता. धार्मिक बाबतीत त्याला दुखवायचे नाही, हा आघाडीचा अलिखित नियम होता.

तरीही १९६४ मध्ये सरकारला हलावे लागले. वृत्तपत्रे, विरोधक आणि सर्वसामान्य लोक बेने इस्रायलांच्या बाजूने बोलू लागले होते. हा समाज सर्व बाबतीत, विवाहाच्या बाबतीतही, इतर ज्यूंच्या बरोबरीचा आहे, असे सरकारने क्नेसेटमध्ये जाहीर केले आणि राब्बींनी अन्यायाची भावना दूर करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. ऑगस्ट संपता संपता सूचनांमधून बेने इस्रायल हे नाव काढण्यात आले आणि कुळाबद्दल शंका असलेली कोणतीही व्यक्ती, अशा अर्थाचे शब्द घालण्यात आले. चौकशीचा अधिकार राहिला, समाजावरचा शिक्का गेला. आघाडी टिकली.

या तडजोडीत इस्रायली राजकारणाची रीत स्पष्ट दिसते. कुलूप तोडायचे नाही. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तोंड लपवायला जागा द्यायची आणि दार किलकिले करून घ्यायचे. मात्र नकाराची किंमत सरकारला जाणवू लागली, तेव्हाच तेवढे तरी घडले.

एकशेवीसचे गणित

परभणी जिल्ह्यातले चारठाणा असो की दुसरे कुठले मोठे गाव, अविश्वास ठरावाच्या तोंडावर ग्रामपंचायतीचे सदस्य सहलीवर जातात, याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० मतांनी पडले, तेव्हा हेच गणित साऱ्या देशाने पाहिले. इस्रायलमध्ये ही स्थिती कायमची आहे. सगळा देश हा एकच मतदारसंघ. पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा. किमान मतांची अट बराच काळ अवघी एक टक्का होती, २०१४ मध्ये ती ३.२५ टक्के झाली. आजवर एकाही निवडणुकीत एका पक्षाला ६१ जागा मिळालेल्या नाहीत. त्यामुळे मोठे पक्ष मते मागतात आणि छोटे पक्ष किंमत मागतात.

डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकेची लढाऊ विमाने शुक्रवारी उतरली. स्वागत समारंभ लांबल्याने शब्बाथ मोडला, म्हणून अविश्वास ठराव आला. मफदालचे बहुतेक सदस्य तटस्थ राहिले. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्या पक्षाच्या मंत्र्यांना काढले आणि नंतर स्वतः राजीनामा दिला. मे १९७७ च्या निवडणुकीत मेनाहेम बेगिन यांचा लिकुद पक्ष सत्तेवर आला.

मफदालही आता पूर्वीचा राहिला नव्हता. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेम इस्रायलच्या ताब्यात आले. १९७४ मध्ये या पक्षाच्या तरुण वर्तुळातून गुश एमुनिम ही वसाहतींची चळवळ उभी राहिली. लग्न, शब्बाथ आणि शाळा सांभाळणारा पक्ष जमीन सांभाळणारा पक्ष होऊ लागला. १९७९ नंतर पॅलेस्टिनी स्वायत्ततेच्या वाटाघाटींचे इस्रायली नेतृत्व याच पक्षाचे योसेफ बुर्ग यांच्याकडे दिले गेले. त्यातून काही निघणार नाही हे ओळखून परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांनी राजीनामा दिला.

शांततेचे मतदान

यानंतरचा इतिहास मतांच्या आकड्यांतच वाचता येतो. मार्च १९९० मध्ये पॅलेस्टिनींशी बोलणी करण्याच्या अमेरिकी प्रस्तावावरून शामीर सरकार ६० विरुद्ध ५५ मतांनी पडले. शिमोन पेरेस यांनी नवी आघाडी जुळवली. शेवटच्या क्षणी एका धार्मिक पक्षाचे दोन सदस्य फिरले आणि शामीरच परत आले.

१९९२ मध्ये राबिन यांच्या मजूर पक्षाला ४४, मेरेत्झला १२ आणि शासला ६ जागा मिळाल्या. या तिघांची बेरीज ६२ होती. शिवाय अरब पक्षांच्या पाच सदस्यांचा बाहेरून पाठिंबा होता. सप्टेंबर १९९३ चा ओस्लो करार क्नेसेटमध्ये ६१ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. ऑक्टोबर १९९५ मध्ये दुसरा ओस्लो करार ६१ विरुद्ध ५९ असा निसटला. एकसष्टाचा आकडा गाठताना उजव्या गटातून फुटलेल्यांची मते निर्णायक ठरली. त्यांच्यातील एकाला उपमंत्रिपद आणि त्यासोबतची मित्सुबिशी गाडी मिळाली, म्हणून मित्सुबिशी हा शब्द इस्रायली राजकारणात फुटीरतेचे नाव झाला. हे बहुमत अरब सदस्यांच्या मतांवर उभे आहे, म्हणून ते खरे बहुमत नव्हे, असा प्रचार विरोधकांनी केला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी कराराला विरोध करणाऱ्या एका ज्यू तरुणाने राबिन यांची हत्या केली.

जुलै २००० मध्ये एहुद बराक कॅम्प डेव्हिडला निघाले, तेव्हा त्यांची आघाडी मोडली होती. अविश्वास ठरावावर त्यांच्याविरुद्ध ५४ आणि बाजूने ५२ मते पडली. विरोधकांना ६१ जमली नाहीत म्हणूनच ते वाचले. २००८ च्या आरंभी अॅनापोलिसच्या बोलण्यांवरून लिबरमन यांचा पक्ष ओल्मर्ट सरकारातून गेला.

हे सर्व केवळ इस्रायली बाजूने घडले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९९४ ते १९९६ दरम्यान हमासने बसगाड्यांत घडवलेल्या बॉम्बस्फोटांनी १९९६ मध्ये नेतान्याहूंचा विजय सोपा केला. २००६ च्या निवडणुकीत हमास जिंकली, २००७ मध्ये गाझा आणि वेस्ट बँक यांचे कारभार वेगळे झाले आणि त्यानंतर पॅलेस्टिनींची सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. ज्याच्याशी करार करायचा, तो पक्षही दुभंगलेला होता.

जून २०२१ मध्ये बेनेट-लापिड सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी आले, तेव्हा मन्सूर अब्बास यांच्या रूपाने एक स्वतंत्र अरब पक्ष प्रथमच आघाडीत बसला. वर्षभरात वेस्ट बँकेतल्या वसाहतवाल्यांना इस्रायली कायदे लागू ठेवणारे विधेयक ५२ विरुद्ध ५८ मतांनी पडले आणि पाठोपाठ ते सरकारही गेले. डिसेंबर २०२२ मध्ये नेतान्याहू परतले ते स्मोट्रिच आणि बेन ग्विर यांच्या संयुक्त यादीच्या १४ जागांवर. स्मोट्रिच यांना अर्थखात्याबरोबर वेस्ट बँकेच्या नागरी कारभारातही अधिकार मिळाले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले. जानेवारी २०२५ मध्ये युद्धविराम होताच बेन ग्विर सरकारातून बाहेर पडले. मार्चमध्ये हल्ले पुन्हा सुरू झाल्यावर परत आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या दबावाने पुन्हा युद्धविराम झाला.

ज्यांना मत नाही

मग शांतता आघाडीच्या गणितातच अडकलेली आहे काय? इतिहास तसे म्हणत नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड करार ८४ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला, तो विरोधी मजूर पक्षाच्या मतांमुळे. बेगिन यांचे स्वतःचे कित्येक सहकारी विरोधात किंवा तटस्थ होते. ऑक्टोबर २००४ मध्ये एरिअल शेरॉन यांनी गाझातून माघारीला ६७ विरुद्ध ४५ मते मिळवली, विरोधकांना सरकारात घेतले आणि वर्षभराने स्वतःचा पक्षही सोडला. पंतप्रधानाने आघाडीपलीकडे हात केला, तेव्हा ६१ मते मिळाली. जिथे हात केला नाही, तिथे आघाडी ही अडचण होती की सबब, हा प्रश्न उरतो.

बेने इस्रायलांच्या लढ्याशी तुलना केली की खरा फरक दिसतो. ते नागरिक होते, मतदार होते. त्यांना न्याय नाकारण्याची किंमत सरकारला देशातच मोजावी लागत होती. वेस्ट बँकेत आज सुमारे तीस लाख पॅलेस्टिनी राहतात. पूर्व जेरुसलेम सोडून सुमारे पाच लाख इस्रायली वसाहतवाले त्यांच्या शेजारी राहतात. शेजारच्या टेकडीवरचा वसाहतवाला क्नेसेटसाठी मत देतो, खालच्या गावातला पॅलेस्टिनी देत नाही. ज्याच्या जमिनीवर निर्णय होतो, तो त्या १२० जागांच्या हिशेबात कुठेच नाही. १९९३ मध्ये वसाहतवाले एक लाखाच्या थोडे वर होते. त्यांची संख्या जशी वाढली, तशी माघारीची राजकीय किंमतही वाढली. नकाराची किंमत मात्र आघाडीला बाहेरूनच, म्हणजे वॉशिंग्टनकडून किंवा युद्धातून, जाणवते.

बेने इस्रायल आता इस्रायली समाजात मिसळले आहेत. त्यांच्यातील जुन्या पिढीने 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले, महाराष्ट्र दिन साजरा केला. अश्दोद आणि बीरशेबा गाझापासून लांब नाहीत, त्यामुळे युद्धाची झळ त्यांच्या घरांपर्यंत पोचते. १९६४ मध्ये त्यांना जे मिळाले, ते अपुरे होते, तरी ते मागण्याचे साधन त्यांच्या हाती होते. पॅलेस्टिनींना तसे साधन आपल्या राज्यात मिळो वा समान नागरिकत्वात, ते मिळेपर्यंत इस्रायलमध्ये सरकारे बदलत राहतील आणि प्रश्न मागच्या पानावरून पुढे चालू राहील.