मक्त्यापासून परवान्यापर्यंत
(ठाणे जिल्ह्यांतील अबकारीची हकीकत)

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोर, खाडीच्या पैलतीरीं, भिवंडीच्या वाटेवर कोन हें गांव वसलेलें आहे. ज्या ठाणे जिल्ह्यांत तें मोडतें, त्याच्या किनाऱ्यावर ताडामाडांची ताडी आणि डोंगरपट्टींत मोहाच्या फुलांची दारू हीं पेयें पिढ्यान् पिढ्या चालत आलेलीं होतीं. दारू विकण्याचा हक्क कोणाचा, आणि तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं कसा जावा, या प्रश्नाचा इतिहास या जिल्ह्यांत स्पष्ट दिसतो.

कंपनी सरकारच्या अमदानींत अबकारीचें काम बहुधा मक्त्यानें चाले. एखाद्या टापूंतील दारूविक्रीचा हक्क लिलांवांत चढी बोली करणारास मिळे. सरकारला ठरीव रक्कम पोंचली म्हणजे पुरे. गिऱ्हाइकाचें काय होतें, हें पाहण्याचें कारण मक्तेदारास नसे.

१८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि ही घडी बदलली. परवान्यावांचून दारू गाळणें, ताडी काढणें किंवा विकणें हा गुन्हा ठरला. ज्या झाडाची ताडी काढावयाची, त्या झाडावर कर बसला. सरकारी देखरेखीखालीं उरणच्या भट्ट्यांतून दारू निघूं लागली. पुढें १८९२ च्या कायद्यानें ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरहि निर्बंध आले. हीं फुलें वनवासी लोकांच्या अन्नांतहि असत. परंतु तिजोरीच्या रक्षणासाठीं रानांतल्या फुलावर पहारा बसला. वाडवडिलांचा रिवाज होता तो परवाना नसला कीं अपराध होऊं लागला.

राष्ट्रीय चळवळीनें या उत्पन्नावरच बोट ठेवलें. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत अबकारी खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. पण त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचीं कांहीं कलमें रद्द केलीं, तरी मुख्य चौकट मान्य केली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत बंदी सैल झाली आणि १९७३ सालीं देशी दारूचे नियम झाले. नांव दारूबंदीचें आणि काम परवाने देण्याचें, अशी या कायद्याची गंमत आहे!

मात्र हा परवाना मक्त्यासारखा विकाऊ माल नव्हे. परवानाधारकास तो आपल्या मर्जीनें दुसऱ्यास देतां येत नाहीं. त्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते व फी भरावी लागते. धारक वारला तर वारसांनाहि अर्ज करावा लागतो. पण १९७० नंतरच्या दशकांत नव्या दुकानांचे परवाने देणें थांबलें, तेव्हां जुन्यांचें मोल चढलें. संख्या गोठली आणि व्यवहार हस्तांतराभोंवतीं गोळा झाला. मक्तेदाराची बोली गेली, पण हक्काची किंमत गेली नाहीं.

या साऱ्या काळांत गांवाला मात्र कोणी विचारलें नव्हतें. २००८ च्या आदेशानें मतदारांना, विशेषतः स्त्रियांना, मतदानानें दुकान बंद करण्याची वाट मिळाली. ‘आडवी बाटली’ हें चिन्ह त्यामुळें घरोघर परिचित झालें. परवाना कोणाच्या नांवें असावा, हें कचेरी ठरवील. तो गांवांत असावा कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार ज्यांच्या संसाराची झीज होते त्यांना लाभला. मक्त्यापासून परवान्यापर्यंतच्या प्रवासांतील खरा पालट हाच होय.