कापसाचा जिल्हा आणि कामाचा प्रश्न

परभणी जिल्ह्याची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. मग येथे कापडाच्या मोठ्या गिरण्या का उभ्या राहिल्या नाहीत, हा प्रश्न आपल्या इतिहासाला विचारायला हवा.

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि परभणी, सेलू, मानवत ह्या पेठांचा कापूस दूरच्या बाजाराशी जोडला गेला. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने येथे आले, त्यामागे साधे गणित होते. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे एक तृतीयांश. उरलेले वजन बहुतेक सरकीचे. हे ओझे दूर वाहून नेणे परवडत नाही. रुईचे सूत होताना मात्र वजन फारसे घटत नाही, म्हणून सूतगिरणी शेताजवळच हवी असे बंधन राहत नाही. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर ह्यांनी १९०९ साली उद्योगांच्या स्थानाविषयी मांडलेला सिद्धांत आपल्या जिल्ह्याला असा लागू पडतो. काही महिन्यांचे काम येथे राहिले. बारमाही काम भांडवल आणि बंदर असलेल्या मुंबईकडे गेले. मीटरगेजवरील माल मनमाडला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यांत पुन्हा भरावा लागे. ही अडचण १९९० च्या दशकात रुळांचे रुंदीकरण झाल्यावरच दूर झाली.

स्वातंत्र्यानंतर प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ आले; त्याच्या नांदेड केंद्राने 'नांदेड-४४' हा कापसाचा संकरित वाण दिला. १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा जिल्ह्यात पोहोचला. तरीही शेतीचे उत्पन्न वाढणे आणि गावातल्या तरुणाला काम मिळणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनामागे हीच वेदना होती. पुढे कारखानदारी वाढली ती मुख्यत्वे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात.

आजही दिवाळीनंतर जिनिंगची यंत्रे धडधडू लागतात, आणि त्याच दिवसांत गंगाखेड, जिंतूर भागातील अनेक कुटुंबे मुलाबाळांसह ऊसतोडीला निघतात. शाळेत पटावर नाव असते, मूल फडात असते. रविवारच्या मिस्साला रिकामी राहिलेली बाके मला कोणत्याही अहवालाहून अधिक सांगतात.

पोप सहावे पॉल ह्यांनी १९६७ च्या 'पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ' ह्या परिपत्रकात शिकविले की केवळ आर्थिक वाढ म्हणजे विकास नव्हे. तो प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असला पाहिजे. ह्या कसोटीवर परभणीचा विचार करताना येथून किती गाठी बाहेर गेल्या ह्याची मोजदाद पुरेशी नाही. किती घरांना वर्षभर कुलूप लागले नाही, हेही मोजावे लागेल. रेल्वे, विद्यापीठ, पाणी सारे आले. आता सूत, तेल आणि कापड ह्यांचे काम येथेच कसे राहील, ह्याचा विचार करणे हे आपल्या श्रद्धेचेही कर्तव्य आहे.