टाक धुण्याची वाटी

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या नगरच्या घरी आजोबांचे उतरत्या झाकणाचे डेस्क उघडले जाते. आत दौत, दोन टाक आणि चिनीमातीची एक हिरवट वाटी. लिहून झाले की आजोबा तीत टाक बुचकळून धूत. यंदा आई म्हणाली, "अरे, हिचा टवका उडालाय. टाकून देऊ का?" मी म्हणालो, "राहू दे." का, हे सांगायला मात्र मला थेट चीन गाठावा लागला.

चिनी पंडिताची लेखणी म्हणजे कुंचला. शाईची कांडी तो दगडावर पाणी घालून उगाळी, आपण गंध उगाळतो तशी. पाण्याची चिमुकली झारी, कुंचले ठेवायचे नळकांडे, कुंचला धुण्याची वाटी असा त्याचा संसार. त्यातले पुष्कळसे झिलईदार मातीचे. या भांड्यांत 'रू' घाटाची सर्वांत नावाजलेली. इ. स. ११०० च्या सुमारास सुंग दरबारासाठी ती जेमतेम वीसेक वर्षे घडली. रंग पाऊस उघडल्यावरच्या आभाळाचा. तळालाही झिलई, म्हणून भट्टीत भांडे बारीक काट्यांवर उभे करीत. त्यांचे तिळाएवढे डाग खाली राहत. ११२७ साली जुर्चेनांनी राजधानी लुटली आणि ते दिवस संपले. आज जगात शंभरही नग उरलेले नाहीत. त्यांतली १३ सेंटिमीटरची एक वाटी, तीही कुंचला धुण्याचीच, २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरना गेली!

या भांड्यांचा मोठा पारखी आपल्या मुंबईत जन्मला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर पर्सिव्हल डेव्हिड, जन्म १८९२. गिरणीमालक सासून डेव्हिड यांचा मुलगा, घराणे बगदादी ज्यू. हा गृहस्थ नुसता पैसेवाला हौशी नव्हता. चिनी पंडितांसाठी १३८८ साली लिहिलेल्या पारखशास्त्राच्या ग्रंथाचे त्याने इंग्रजी भाषांतर केले. तो १९६४ साली गेला, पुस्तक १९७१ मध्ये निघाले. जमवलेली सुमारे १७०० भांडी त्याने १९५० साली लंडन विद्यापीठाला दिली. २००९ पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेली आहेत. मुंबईला दिली असती तर? मनात येते खरे. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी भांडी आहेत; मुलांना घेऊन जरूर जावे.

एवढे सांगून मी आमची वाटी उलटी केली. तळाला झिलई नाही, तिळाएवढे डाग नाहीत. उघडी, खरबरीत माती. म्हणजे बाजारातलीच.

आईने ती हातात घेतली, नखाने आतल्या बारीक भेगा चाचपल्या. त्यांत आजोबांची काळी शाई मुरलेली होती. तिने घासणी बाजूला ठेवली, वाटी नुसती पाण्याने विसळली आणि पुन्हा डेस्कात ठेवून दिली.